डोळ्यांत थेंब घातलेल्यांची रांग

माझ्या हुद्द्याचं नाव 'ग्राहक अनुभव धोरण प्रमुख' असं आहे. घरात ते एका दमात कुणालाच म्हणता येत नाही. नवरा 'अनुभव'पर्यंत जातो आणि पाणी पितो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अगं, पण तुम्ही दवाखान्यांच्या जाहिराती करता ना? मग अनुभव कसला?"

"जाहिरात बघून माणूस दवाखान्यात आला, की पुढे त्याला काय काय सोसावं लागतं ते मी बघायचं. आणि ते कमी कसं करायचं ते दवाखान्याला सांगायचं."

"त्यांचं त्यांना कळत नाही?"

"नाही ना, आई."

"बरंय मग," त्या म्हणाल्या, "न कळणारे आहेत तोवर तुझी नोकरी पक्की."

पक्की नव्हती, हीच तर गोम होती. माझी लेक ठकू सहा महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत गेले आणि आमच्या जाहिरात एजन्सीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, मला हे पद तीन महिन्यांसाठी दिलं. जमलं तर कायम, नाहीतर परत जुन्या टेबलावर. जुन्या टेबलावर मी चार वर्षं मूळव्याधीची पत्रकं लिहिली होती. त्या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं आता काहीही उरलं नव्हतं.

माझ्या वाट्याला आलं ते डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय. तिथले मोठे डॉक्टर, म्हणजे मालकच, एका काळजीनं हैराण होते. दहा माणसं नाव नोंदवत आणि त्यातली दोन-तीन तपासणीआधीच बसल्या जागेवरून उठून घरी जात. का जात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, माणसाला आपण कुठवर आलोय ते कळलं नाही की तो कंटाळतो. म्हणून मी फोनवर जाणारे सात संदेश लिहिले. आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक टप्प्याला एक. 'आपण आता तिसऱ्या टप्प्यावर आहात. थोडाच वेळ. आम्ही आहोत.' सातही संदेश मी ठकूला खांद्यावर झोपवून, एका अंगठ्यानं लिहिले होते. त्यातला चौथा लिहिताना तर मला स्वतःलाच भरून आलं होतं.

संदेश सुरू होऊन अडीच महिने झाले होते. शंभरातले अठ्ठ्याण्णव पोहोचत होते. शेवटच्या संदेशात आम्ही पाचपैकी तारे मागत असू, ते फारसं कुणी देत नव्हतं. आम्ही म्हटलं, लोक लाजतात. आणि उठून जाणारे मात्र पूर्वीइतकेच उठून जात होते.

आता मोठे डॉक्टर म्हणाले होते, की मी स्वतः तुमच्याबरोबर फिरून बघतो. पटलं तर वर्षभराचा करार, नाहीतर राम राम. दिवस ठरला, दुपारी बाराची वेळ ठरली. मॅडम मला म्हणाल्या, "करार झाला तर तू कायम. नाही झाला तर तुझं जुनं टेबल मी अजून कुणाला दिलेलं नाहीये." हे त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दवाखान्यात खोटा पेशंट पाठवायचा. त्यानं खरं नाव नोंदवायचं, खरी फी भरायची, गुपचूप सगळं बघून यायचं आणि आम्हाला सांगायचं. आमचा नेहमीचा खोटा पेशंट म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. शांत, नीटनेटका माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्याचे अहवाल वाचून मॅडमचे डोळे पाणवायचे. त्या दिवशी सकाळी दहाला तो जाऊन बसणार होता, म्हणजे बाराला आमच्या हातात ताजी हकिगत असती. साडेआठला त्याचा फोन आला.

"ताई, मला ताप आहे."

"खोटा?"

"नाही हो, खरा."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले. सासूबाई ठकूला भरवत होत्या, म्हणजे ठकू त्यांना भरवत होती.

"काय झालं?"

"खोट्या पेशंटला खरा ताप आलाय."

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मी जाते की. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, हे गेलं वर्षभर सांगतेय मी तुम्हा दोघांना. ठकूला घेऊनच जाते. मांडीवर पोर असलं की कुणाला संशय येत नाही."

दुसरा उपाय नव्हता. मी त्यांना नियम सांगितले. कुणाच्या वतीनं आलोय ते सांगायचं नाही. सगळं लक्षात ठेवायचं. आणि काहीही झालं तरी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत सोंग सोडायचं नाही.

"आणि आई, बाराला मी तिथे येईन. मला ओळखायचं नाही."

"त्यात काय अवघड आहे," त्या म्हणाल्या. "लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी तेच करत होते."

बाराला मी, मॅडम आणि मोठे डॉक्टर असे तिघं जिन्यानं वर निघालो. मोठे डॉक्टर उंच आणि मितभाषी. दर तीन पायऱ्यांनी एक शब्द बोलणारे. मी बोलत होते दोघांच्या वाटणीचं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. माझ्या हातात आमच्या चित्रकारानं काढलेला मोठा नकाशा होता. त्यात एक हसरा पेशंट दारातून आत येतो, वळणावळणाच्या रस्त्यानं चालतो आणि आणखी हसरा होऊन बाहेर पडतो. वाटेत सात ठिकाणी त्याच्या खिशात फोन वाजतो.

"लोक उठून जातात ते इथून," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी प्रतीक्षाकक्षाचं दार ढकललं.

आतून हसण्याचा एवढा मोठा लोट आला की डॉक्टरांनी दार परत ओढून वरची पाटी वाचली.

खोली तीच होती. भिंतीला लागून वीस-बावीस खुर्च्या, एका कोपऱ्यात पाण्याचं पिंप, दुसऱ्या कोपऱ्यात उंचावर लाल आकडे दाखवणारी पाटी. खुर्च्यांवर सगळी डोळ्यांत थेंब घातलेली मंडळी. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून हे थेंब घालतात, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि नंतर तपासणी. एरवी इथे माणसं डोळे मिटून, गाल ओले करून, मुकाट बसलेली असायची. आज ती एकमेकांकडे तोंड करून बसली होती आणि ठकू त्यांच्यातून हातोहात चालली होती, एखाद्या अर्जावर सगळ्यांनी सही करून पुढे सरकवावा तशी. एका बस ड्रायव्हरच्या मांडीवरून ती एका शिंपीणबाईच्या मांडीवर गेली. शिंपीणबाईंनी तिला चाचपून सांगितलं, "झबलं खांद्यात घट्ट झालंय हो हिला."

ओळीच्या मधोमध सासूबाई.

"तेवीस गेले का आत?" त्या विचारत होत्या. "चोवीस, तुम्ही तयार राहा. पंचवीस, तुम्ही झोपू नका, मघाशी तुमच्या घोरण्यानं पोर दचकलं."

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारलं.

"त्या काकूंनी सगळ्यांना नंबराप्रमाणे ओळीनं बसवलंय, सर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुट्टी लागल्याचा आनंद होता. "शेजारचा उठला की पुढचा नंबर आपला. सकाळपासून मला कुणी येऊन 'माझा नंबर कधी' असं विचारलेलं नाही. आणि कुणी उठूनही गेलं नाहीये."

"एकही नाही?"

"एकही नाही, सर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. "हे तुमच्या धोरणात आहे?"

मी तोंड उघडण्याआधी मॅडम म्हणाल्या, "धोरण म्हणजे शेवटी माणसंच ना, डॉक्टर."

मॅडम या वाक्यावर पंधरा वर्षं एजन्सी चालवतायत.

"यांनाच विचारू," म्हणून डॉक्टर नेमके माझ्या सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "काय आजी, कसं वाटतंय इथे?"

"आजी हिची," त्या ठकूच्या दिशेला बोट दाखवून म्हणाल्या. बोट ड्रायव्हरच्या पोटाकडे गेलं. "तुमची काकू म्हणा फार तर. कोण तुम्ही? मला नुसता पांढरा खांब दिसतोय."

"मी इथला डॉक्टर."

"मग बसा की. खांबाशी काय बोलायचं?"

डॉक्टर बसले. खुर्ची पस्तीस नंबरच्या माणसाची होती, तो पाणी प्यायला गेला होता.

"आमचे संदेश मिळतात ना फोनवर?" त्यांनी विचारलं. मी नकाशा छातीशी धरला.

"तुम्ही पाठवता होय ते?" सासूबाईंनी पर्स थोपटली. "चार वेळा वाजला. अहो, पण वाचायचा कसा? डोळ्यांत थेंब घातलेत, आणि चष्मा आतली मुलगी नंबर मोजायला घेऊन गेलीय. अक्षरं म्हणजे मुंग्यांचं वारूळ. मी शेजारच्यांना म्हटलं वाचा, तर त्यांच्याही डोळ्यांत थेंब. त्यांनी पलीकडे दिला, तिकडेही थेंब. फोन या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला. शेवटी त्या मुलीनं काउंटरवरून उठून येऊन वाचला. काय होतं गं त्यात?"

"'आपण आता चौथ्या टप्प्यावर आहात. शांतपणे डोळे मिटून बसा,'" काउंटरवरच्या मुलीनं तिकडून पाठ म्हणून दाखवलं.

"हां. डोळे मिटून बसा, हे डोळे उघडून वाचायचं."

ओळ हसली. ड्रायव्हर म्हणाला, "मला तर मागच्या वेळी बाहेर पडताना तारे द्या म्हणून आलं होतं, पाचपैकी. म्हटलं घ्या, इथे भरदुपारी पन्नास दिसतायत."

"आणि ती भिंतीवरची पाटी," शिंपीणबाई म्हणाल्या, "कुणासाठी लावलीय हो? थेंब घालायच्या आधी वाचता येते, पण तेव्हा आपला नंबर नसतो."

"मागच्या खेपेला मी त्यामुळेच घरी गेले," आणखी एक आवाज आला. "वाटलं, नंबर होऊन गेला असेल. विचारणार कुणाला? समोर कोण आहे तेच दिसत नाही."

मी तिथे उभी होते आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. अडीच महिने. सात संदेश. त्यातले चार मी अशा माणसांना पाठवत होते ज्यांच्या डोळ्यांत रुग्णालयानंच आधी थेंब घातले होते. अठ्ठ्याण्णव टक्के पोहोचले होते, हे खरं होतं. पोस्टमास्तर दर आठवड्याला इथे बसून गेला होता, मग त्यानं कसं कळवलं नाही? तेव्हा मला एकदम आठवलं. पोस्टमास्तरला डोळ्यांत काही घालून घ्यायची भीती वाटते. तो दरवेळी थेंबांच्या आधी उठून घरी जात असणार आणि पुढचं सगळं त्या मोत्यासारख्या अक्षरात मनानं लिहीत असणार. उठून जाणाऱ्या दोन-तिघांत दर आठवड्याला एक आमचाच होता.

मला हसू यायला लागलं. रडू यायला हवं होतं, पण आलं हसू, आणि ते नाकातून बाहेर पडलं.

ठकूनं मान वळवली. पोरगी नऊ महिन्यांची, तिच्या डोळ्यांत काही थेंब नव्हते. त्या ओळीत तेवढ्या एकटीला सगळं स्वच्छ दिसत होतं. तिनं मला बघितलं, दोन्ही हात पुढे केले आणि शिंपीणबाईंच्या मांडीवरून अशी झेप घेतली की मी नकाशा टाकून तिला धरलं. ती गळ्याशी घट्ट चिकटली आणि माझ्या कपड्यांत तोंड घालून हक्कानं काहीतरी शोधायला लागली.

"अगं, परक्या बाईकडे असं जायचं नसतं," सासूबाई खांबाच्या आणखी डावीकडे बघत म्हणाल्या.

"मुलांना तुमची भारी ओढ दिसते," डॉक्टर मला म्हणाले.

"येते काही बायकांना कला," सासूबाई म्हणाल्या. "कोण आहेत या? हसण्यावरून चांगल्या घरच्या वाटतात. सासू नशीबवान असेल यांची."

मॅडमना एव्हाना सगळं उमगलं होतं. त्या ठकूच्या पहिल्या महिन्यात तिला बघायला घरी येऊन गेल्या होत्या, सासूबाईंच्या हातचा चहा पिऊन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यात एका नजरेत तीन वाक्यं होती: गप्प बस, गप्प बस आणि गप्प बस.

डॉक्टर उठले. इतके शब्द त्यांना एका वेळी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मला पटलं. संदेशांचं बघू मागाहून, पण ही ओळीनं बसायची युक्ती उत्तम आहे. अशी एक बाई शोधून इथे बसवायची कल्पना कुणाची? तुमचीच ना? करार आणलाय का, मॅडम?"

मॅडमच्या पिशवीतून करार बाहेर आला सुद्धा.

मी एवढंच म्हणायचं होतं की हो, माझीच. एक शब्द. मूळव्याधीचं टेबल कायमचं सुटलं असतं. पण ठकू माझ्या खांद्याचं हाड चोखत होती, माझ्या कपड्यांवर दुधाचा ओला डाग हळूहळू पसरत होता, आणि असल्या अवस्थेत माणसाला फार वेळ धोरणी राहता येत नाही. ताकाला जाऊन भांडं तरी किती वेळ लपवणार?

"डॉक्टर, ही माझी मुलगी आहे," मी म्हटलं. "आणि या माझ्या सासूबाई. मी यांना खोटा पेशंट म्हणून पाठवलं होतं, गुपचूप बघायला. ओळ लावली ती यांनी स्वतःच्या मनानं. माझी कल्पना म्हणजे ते संदेश. ते मी लिहिलेत, सातही. आणि आत्ता या लोकांचं ऐकेपर्यंत मला कळलं नव्हतं की मी ते आंधळ्यांना पाठवतेय."

मॅडमनी करार उलटा धरला.

डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "खरं का, काकू?"

"मी या बाईंना ओळखत नाही," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

"आई, आता राहू द्या. मी सांगितलं सगळं."

"कोण आई? बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. उन्हातून आलात का?"

"अहो आई, खरंच चालेल."

"डॉक्टर, यांना जरा पाणी द्या."

"तुमच्या नातीच्या झबल्याला आतून नाव शिवलंय ते दाखवू का मी?"

"एका नावाची पुष्कळ मुलं असतात," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. फाटक अजून बरंच लांब होतं. चोवीस, पंचवीस एव्हाना आत गेले होते. तेवढ्यात आतून "सव्वीस" अशी त्यांच्या नंबराची हाक आली, आणि त्या ड्रायव्हरच्या कोपराला धरून, माझ्या अगदी जवळून, अनोळखी बाईसारख्या निघून गेल्या.

मग डॉक्टर हसले. खांब हसावा तसे, आधी वरचा मजला, मग खालचा. हसताना ते पुन्हा पस्तीस नंबरच्या खुर्चीत बसले. पस्तीस नंबर पाणी पिऊन कधीचा परतला होता आणि चाचपडत त्यांच्या गुडघ्यावर बसायच्या बेतात होता.

"सतरा वर्षं झाली हे रुग्णालय काढून," त्याला सावरत ते म्हणाले. "रोज शंभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायला लावतो मी. स्वतःच्या डोळ्यांत कधी घालून घेतले नाहीत. तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही?"

"माझी आज एक बैठक आहे," मॅडम म्हणाल्या.

"ही बैठकच आहे," डॉक्टर म्हणाले. "मला संदेश नकोत. ते आजच बंद करा. या ताईंना मी वर्षभर देतो, पण अट एक. धोरण डोळ्यांत थेंब घालून लिहायचं. आत्ता, इथे बसून. आपण तिघांनीही."

परिचारिका ट्रे घेऊन आली तेव्हा मी विचारलं की अंगावर पाजतेय, चालेल ना. ती म्हणाली चालेल, आणि थेंब घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायला सांगितलं. मी एका हातानं नाक दाबल्यासारखी बसले, दुसऱ्या हातात ठकू. शेजारी मॅडम. त्यांच्या पलीकडे मोठे डॉक्टर. शिंपीणबाईंनी आम्हाला रीतसर विचारलं, "नंबर काय तुमचे?" आमचे नंबरच नव्हते, म्हणून आम्हाला शेपटाला बसवण्यात आलं.

थेंब झोंबले. दहा-पंधरा मिनिटं झाली आणि खोली विरघळायला लागली. दिव्यांना केस फुटले. लाल पाटी म्हणजे भिंतीवरचा टोमॅटो. मी मांडीवर वही घेतली आणि लिहिलं, निदान लिहिलं असं मला वाटलं. डॉक्टरांचा आवाज आला, "हे फार विचित्र आहे. मला माझे हात दिसत नाहीयेत नीट."

"सवय होते," पस्तीस नंबर म्हणाला. "घाबरू नका. आम्ही आहोत."

शब्द माझ्या तिसऱ्या संदेशातलेच होते, पण ते काही मी त्याला शिकवले नव्हते. माणूस शेजारी बसला की हे आपोआपच म्हणतो, त्याला फोन लागत नाही. मी ते वहीत टिपलं. कुठल्या ओळीवर टिपलं, देव जाणे.

"करार," मॅडम एकदम म्हणाल्या. त्या मूळच्या धंदेवाईक आहेत. "डॉक्टर, मन बदलायच्या आत सही करा."

"कुठे करायची?"

"खाली. उजवीकडे. नाही, ते माझं मनगट आहे."

"अहो, पेन उलटं धरलंय त्यांनी," शिंपीणबाई आवाजावरून म्हणाल्या.

शेवटी काउंटरवरची मुलगी आली आणि तिनं खाली पडलेला नकाशा उचलून करारामागे आधाराला धरला. तिनं डॉक्टरांचं बोट कागदावर नेऊन टेकवलं, मग मॅडमचं. दोघांनी सह्या केल्या. ती म्हणाली की एक सही बरोबर जागी आहे आणि दुसरी नकाशावरच्या हसऱ्या पेशंटच्या तोंडावर आहे, पण तो अजून हसतोच आहे. माझं नाव कागदावर कुठे आहे ते तिनं मला बोट धरून दाखवलं, 'प्रमुख' या शब्दावर बोट थांबवलं आणि शब्द माझ्यासाठी मोठ्यानं वाचला. ओळीनं टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते अर्ध्या जणांना कळलं नसावं. ठकूनंही वाजवल्या, ती या महिन्यात नुकतीच शिकलीय.

तिला मी कोपऱ्यातल्या खुर्चीत नेऊन, भिंतीकडे तोंड करून पाजायला घेतलं. गेले नऊ महिने हा चेहरा मी इतक्या जवळून पाहत आले होते, की कुठल्या पापणीला बाक आहे तेही मला पाठ होतं. आज तिथे नुसता एक कोमट, गोल उजेड होता. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. तो उजेड चुटूचुटू आवाज करत होता, त्याला दुधाचा आणि शिंपीणबाईंच्या पावडरीचा वास येत होता, आणि त्यानं माझी करंगळी धरून ठेवली होती.

मागून डॉक्टर विचारत होते, "पुढचा नंबर कोणाचा?" आणि सगळी ओळ त्यांना एका सुरात समजावून सांगत होती, की तुम्ही बसा, तुमचा अजून खूप लांब आहे.